जपानातले चार वर्ग

मी जपानला गेलेलो नाही. माझ्याकडं पासपोर्ट नाही. समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला आणि दोन्ही वेळा सहलीच्या पोरांची डोकी मोजण्यात इतका गुंतलो होतो, की पाणी नीट बघायचं राहूनच गेलं. तरीही गेली बारा वर्षं माझं घर जपानवर चालतं.

झालं असं, की नांदेडच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर लागलो. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर मोबदला, कॉलेजला सुट्टी लागली की तुम्हालाही सक्तीची सुट्टी, आणि उन्हाळ्यात तुम्ही कोण हे कॉलेजला आठवत नाही. विभागातल्या कायम प्राध्यापकांनी मराठ्यांचा इतिहास, स्वातंत्र्यलढा, मुक्तिसंग्राम असे सगळे सरावाचे पेपर आपसांत वाटून घेतले होते. ते पेपर त्यांना झोपेतही शिकवता यायचे, आणि एकदोघं तसेच शिकवायचेही. उरला होता जपान. विभागप्रमुख मला म्हणाले, "तुमी तरुण हाव. जपान घ्या. लहान देश हाय, लवकर सरतंय." मी घेतला. दुसरं काय घेणार होतो?

पुढं दोन वर्षांनी लातूरच्या एका महाविद्यालयात तास मिळाले, तर तिथंही शिल्लक राहिलेला जपानच. मग सोमवार ते बुधवार नांदेड आणि गुरुवार ते शनिवार लातूर असं माझं सुरू झालं. बायको नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला ओळखू लागला. एसटीच्या कंडक्टरांना वाटायचं मी औषधांचा विक्रेता आहे, कारण माझी बॅग तशी होती. एकानं मला गुडघेदुखीवर काय घ्यावं तेही विचारलं होतं.

त्या काळात मला जपानचा इतिहास पुस्तकातून उठून घरात येऊन बसल्यासारखा वाटायचा. तिथं सातशे वर्षं लष्करी सरदारांचं राज्य होतं. सम्राट नावाला, खरा मालक शोगुन. त्याच्या हाताखाली दाइम्यो, म्हणजे आपल्या भाषेत जहागीरदार, आणि जहागीरदारांच्या पदरी सामुराई. या जहागीरदारांनी बंड करू नये म्हणून शोगुनानं एक नियम केला होता. प्रत्येक दाइम्योनं एक वर्ष स्वतःच्या जहागिरीत राहायचं आणि एक वर्ष राजधानीत, एदोला. जहागिरीत परत जाताना बायकापोरं एदोलाच ठेवून जायची, ओलीस म्हणून. या पद्धतीला सांकिन कोताई म्हणत. लातूरच्या वर्गात हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला इतकं भरून आलं, की मी खिडकीकडं तोंड करून दोन मिनिटं उभा राहिलो. पोरांना वाटलं सर तंबाखू थुंकायला गेले.

रविवारी घरी गेल्यावर बायकोला मोठ्या आवेशानं सांगितलं, की मी दाइम्यो आहे आणि तू ओलीस. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "ओलीस कोण हाय ते बघा आधी. सिलिंडर मी लावते, पोरीच्या शाळेत मी जाते, नळाला पाणी कवा येतंय ते मला ठावं. तुमाला तर कपबशी कुठल्या फडताळात हाय ते सांगता येईना." मग म्हणाली, "आन् जहागीर कुठं हाय तुमची? मालक नसलेल्या सामुराईला काय म्हनतात म्हनलाव तुमी परवा?"

"रोनिन," मी म्हणालो.

"मग ते हाव तुमी."

वाईट म्हणजे ते बरोबर होतं. दोन तलवारी कमरेला, पोटात काही नाही, या गावाहून त्या गावाला, कुणी पदरी ठेवतं का बघत हिंडणारा रोनिन म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापकच. पुढं ही गोष्ट मी वर्गात गंमत म्हणून सांगितली. ती माझी चूक झाली. दोन्ही जिल्ह्यांत माझं नाव रोनिन सर पडलं. काही पोरांना ते माझं आडनाव वाटायचं. एकाच्या बापानं फोनवर "रोनिन साहेब बोलायलाव का?" असं विचारलं, आणि मीही हो म्हणालो.

माझी शिकवायची पद्धत एकच होती. जपान उचलायचा आणि मराठवाड्यात आणून ठेवायचा. शोगुन म्हणजे हैदराबादचा दरबार, दाइम्यो म्हणजे जहागीरदार, कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, म्हणजे आपल्याकडं ज्वारीची पोती. यानं पोरांना गोष्ट चटकन कळायची, पण कधी कधी जास्तच कळायची. आमच्याकडची जुनी माणसं हयगयीला अजून कोताई म्हणतात. चाचणीत एका पोरानं लिहिलं, 'सांकिन कोताई म्हणजे सांकिन नावाच्या जहागीरदाराने कामात केलेली कोताई. त्यामुळे शोगुन चिडला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'लढाईत हार झाल्यावर सामुराई जी किरकिर करीत तिला हाराकिरी म्हणतात.' शोगुनाच्या लष्करी सरकारला बाकुफू म्हणतात हे शिकवल्यावर आठवडाभर व्हरांड्यात पोरं एकमेकांना "ए बाकुफू" अशा हाका मारत होती, आणि त्यातला अर्थ जपानी नव्हता हे मला कळत होतं. मी तापट माणूस आहे. खडू फेकतो. पण हाराकिरीच्या उत्तराला मी अर्धा मार्क दिला, कारण मराठी म्हणून ते चांगलं होतं.

आता माझं खरं दुखणं सांगतो. मला सामुराई आवडायचे, आणि ते काही अभ्यासामुळं नव्हे. माझं गाव लोहा तालुक्यातलं. शेतीवाडी करणारं घर. पण वडिलांनी लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, की आपण लढणारी माणसं. पुरावा म्हणून घरात एक तलवार होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं आणि उरलेलं वर्ष ती गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून असायची. कोणता पूर्वज कुठं लढला हे विचारलं की वडील म्हणायचे, "लई ठिकानी." सामुराईवर बोलताना माझी छाती आपोआप पुढं यायची. डस्टर मी कमरेजवळ धरायचो, मुठीसारखं. चार वर्ग फळ्यावर लिहिताना सगळ्यात वर सामुराई लिहायचो, ठळक, आणि त्याखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी. वरच्या दोन्ही ओळींत आपलंच घर आहे असं मला मनातून वाटायचं, आणि हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

अकराव्या वर्षी लातूरच्या कॉलेजात इतिहासाची एक कायम जागा भरायची परवानगी आली. ही बातमी कळली त्या दिवशी मी अहमदपूरच्या स्टँडवर तीन चहा प्यायलो आणि तिन्ही वेळा कप ठेवायला विसरलो. जागा मिळाली तर महिन्याच्या महिन्याला पगार, बायकोची बदली मागता येईल, मुलीला एकाच गावात बाप मिळेल. वय निघून चाललं होतं. पुढची जागा निघेपर्यंत मी निवृत्तीला आलो असतो, आणि तेही कशातून निवृत्त व्हायचं हा प्रश्नच होता. मुलाखत दीड महिन्यावर होती. त्यात खऱ्या वर्गापुढं वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा होता. समोर संस्थेचे अध्यक्ष बसणार, प्राचार्य बसणार आणि विद्यापीठातून आलेले विषयतज्ज्ञ बसणार. विषय मला आधीच कळवला होता. जपानी सरंजामशाही आणि तिचे चार वर्ग.

त्याच सुमारास मी द्वितीय वर्षाच्या चाचणीचे पेपर तपासत होतो. एका वाक्यात उत्तरे लिहा, प्रत्येकी एक मार्क. प्रश्न होता, जपानी सरंजामी समाजात किती वर्ग होते? सगळ्या वर्गानं चार लिहिलं होतं, कारण वर्गात एकच शहाणा होता आणि बाकीचे त्याच्या मागं बसले होते. एका पेपरात मात्र लिहिलेलं, 'पाच. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी. पाचव्याचे नाव सरांनी सांगितले नाही.'

मी खदखदून हसलो. शेजारी बसलेल्या भूगोलाच्या सरांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग मी लाल शाईनं फुली मारली आणि बाजूला 'चार!' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तो पेपर ज्या बाईंचा होता त्या माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठ्याच असतील. लातूरजवळच्या एका खेड्यातल्या, तिथल्याच अंगणवाडीत मदतनीस. सकाळी लेकरांची खिचडी उरकून दुपारी कॉलेजला यायच्या. दोन्ही पोरींची लग्नं झाल्यावर राहिलेलं बी.ए. पुरं करायला बसल्या होत्या. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणायची, मी ताई म्हणायचो. पहिल्या बाकावर बसून त्या माझा शब्द न् शब्द उतरवायच्या, खोकलोसुद्धा तर लिहितात की काय असं वाटायचं. पेपर वाटल्यावर तास संपला तशा त्या टेबलाजवळ आल्या.

"सर, माजा एक मार्क कापला तुमी."

"ताई, चार वर्ग आहेत. पुस्तकात चार, वहीत चार, फळ्यावर चार. तुम्ही पाच कुठून आणले?"

"तुमीच म्हनलाव न्हवं, सामुराईचं चिलखत कातड्याचं असायचं, वरून लाख लावायचे म्हनून."

"म्हणालो. मग?"

"कातडं कोन काढायचं?"

"कारागीर," मी म्हणालो.

"कारागीर शिवतंय सर. मेलेलं जनावर वढायचं कोनी? सामुराई घोड्यावर हाय, शेतकरी रानात हाय, व्यापारी दुकानात हाय. घोडं मेलं तर?"

अकरा वर्षं मी जपान शिकवत होतो. त्या अकरा वर्षांत माझे सामुराई हजारोंनी मेले, पोटात तलवारी खुपसून मेले, पण त्यांचं एकही घोडं मेलं नव्हतं. आणि मला काही सुचलं नाही की मी आवाज चढवतो.

"ताई, तो जपान आहे! बुद्धाचा देश आहे तो. तिथं असलं काही नव्हतं!"

मी हे ठोकून दिलं. कुठं वाचलेलं नव्हतं. पण बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या बौद्ध होत्या, हे मला माहीत होतं. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर अशोकचक्र काढलेलं होतं.

"आसं का?" त्या म्हणाल्या. "आमच्या आज्यानं धम्म घेतला तवा ते काम सोडलं. गावानं मग सहा म्हैने पानी बंद केलं हुतं. बुद्धाच्या देशात ते नवतंच म्हनता, मंग बरंच हाय की." त्यांनी पेपरची घडी घातली, पण लगेच गेल्या नाहीत. "पन सर, असंल वो. गावाच्या भाईर असंल, म्हनून पुस्तकात आलं नसंल."

हे त्या भांडून बोलल्या नाहीत. शेजारच्या गावाला जायचा रस्ता सांगावा तसं सांगून गेल्या. मी मात्र दिवसभर धुमसत राहिलो. बाईंनी मला जपान शिकवावा? नांदेडच्या कॉलेजच्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जपानी समाजावरचं. ते मी काढलं. ग्रंथपालांनी धूळ झटकून दिलं आणि विचारलं, "हे आपल्याकडं हाय का?" ते पुस्तक मी बाईंना खोटं पाडायला काढलं होतं. त्याला दुसरं काही कारण नव्हतं.

गुरुवारी सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. लोह्यापासून वाचायला लागलो. शेजारी एक आजोबा कोंबडी घेऊन बसले होते. ती दर पाच मिनिटांनी पुस्तकावर चोच मारायची. माळाकोळी गेल्यावर ते पान आलं. चार वर्गांच्या खाली, चार वर्गांच्या बाहेर, आणखी माणसं होती. मेलेली जनावरं ओढणारी, कातडी सोलणारी, फाशीच्या जागी राबणारी. चिलखताचं कातडं त्यांच्याच हातचं. त्यांची वस्ती वेगळी. काही नकाशांत ती वस्ती काढतच नसत. त्यांच्यातल्या एका गटाला शब्द होता हिनिन, म्हणजे माणूस नव्हे. दुसऱ्याला जो शब्द होता तो मी इथं लिहीत नाही, कारण तिकडं तो आजही शिवी आहे. आणि हा सगळा विटाळ बुद्धाच्याच देशात, देवळांच्या सावलीत पाळला जात होता. चारांच्या यादीत ती नव्हती, कारण यादी माणसांची होती.

मी पुस्तक मिटलं. आजोबा म्हणाले, "काय झालं, उलटी येयलीय का? खिडकी उघडा." मी खिडकी उघडली. मला लाज वाटत होती. अंगणवाडीतल्या एका बाईनं जपानचं एकही पुस्तक न वाचता, एका चिलखतावरून जो वर्ग शोधून काढला होता, तो मला अकरा वर्षांत दिसला नव्हता. दिसला नव्हता, कारण मी कायम वरच्या दोन ओळींत उभा राहून पाहत होतो. लातूर येईपर्यंत मी ठरवलं, की आज वर्गात जाऊन सांगायचं. ताई, तुमचं बरोबर होतं. मार्क द्यायचा.

आणि मग मी ते सांगितलं नाही. त्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "विषयतज्ज्ञ कोण येणार हाय ते कळलं का? पेपर काढणारेच येत्यात. त्यांच्या उत्तरसूचीत जे हाय ते बोला. हुशारी करू नका." उत्तरसूचीत चार होते. मी मनाशी म्हणालो, मुलाखत होऊ दे, मग सांगू. शिवाय बाईंना बुद्धाच्या देशाचं बरं वाटलंय, ते आत्ताच कशाला मोडायचं? स्वतःची भीती दुसऱ्याच्या अंगावर दया म्हणून पांघरवायला मी फार लवकर शिकलो.

मुलाखतीच्या दिवशी मी नवीन शर्ट घातला, त्याची कॉलरमागची टाचणी काढायची राहिली. वीस मिनिटं ती टोचत होती, त्यामुळं माझी मान ताठ होती आणि सगळ्यांना तो आत्मविश्वास वाटला. अध्यक्षसाहेब आले. पांढरे कपडे, मोठं शरीर, मागं चारपाच माणसं. प्राचार्यांनी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली. साहेब बसले आणि म्हणाले, "चालू द्या. आमी काय बोलत न्हाई."

मी सुरुवात केली. "जपानमध्ये एक सम्राट होता. त्याला सगळे मान देत. वाकून नमस्कार करीत. त्याच्या सहीनं कागद निघत. पण खरी सत्ता त्याच्याकडं नव्हती. ती होती शोगुनाकडं."

वर्गानं आधी प्राचार्यांकडं पाहिलं. मग सगळ्या वर्गानं, अगदी एका मानेनं, साहेबांकडं पाहिलं.

माझ्या पाठीतून घाम निघाला. हे उदाहरण मी द्यायचं नाही असं ठरवून आलो होतो, आणि दिलंही नव्हतं. पोरांनी ते स्वतःच काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा मुद्दा शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. मग साहेब पोट धरून हसायला लागले. "शोगुन कोन ते पोरांला बरुबर कळलं बरं का, प्राचार्य!" त्यांच्या मागची माणसं हसली. प्राचार्य सगळ्यात शेवटी हसले, अगदी सम्राटाला शोभेल असं.

त्यानंतर मी सुटलोच. दाइम्यो, कोकू, सांकिन कोताई. साहेबांनी मध्येच "ही कोताई आपल्याकडंबी हाय" असं म्हणून प्राचार्यांकडं पाहिलं. सामुराईंवर आलो तेव्हा डस्टर आपोआप कमरेला गेलं. साहेब म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखीच मानसं की." मी म्हणालो, "हो साहेब." फळ्यावर मी चार ओळी लिहिल्या. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी. चौथ्या ओळीखाली फळ्यावर बरीच जागा उरली होती.

विषयतज्ज्ञ बारीक अंगाचे होते. ते इतका वेळ काहीच बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "म्हणजे जपानी समाजात एकूण वर्ग किती सांगाल?"

पहिल्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, सरांची मुलाखत आहे म्हणून. प्रश्न ऐकून त्यांनी लिहायचं थांबवलं आणि वर पाहिलं. पेन तसंच हातात. त्यांच्या तोंडावर आव्हान वगैरे काही नव्हतं. त्यांना खरोखर ऐकायचं होतं, मोठ्या माणसांपुढं सर काय सांगतात ते.

माझ्या हातात खडू होता. पाच म्हणायला किती वेळ लागतो? पण मला त्या क्षणी नांदेडचा स्टँड दिसला, बॅग दिसली, मुलीनं दारात विचारलेलं "आता कुठल्या वारी येणार?" ऐकू आलं. मी म्हणालो, "चार."

बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं.

जागा मला मिळाली. का मिळाली ते महिन्याभरानं प्राचार्यांनी सांगितलं. साहेबांनी त्याच दिवशी गाडीत बसताना ठरवून टाकलं होतं. "आवाज चांगला हाय गड्याचा. मागच्या बाकापत्तोर जातो." बाकी कशाचाही विचार झाला नव्हता. विषयतज्ज्ञांनी तो प्रश्न का विचारला हेही कळलं. त्यांच्या तक्त्यात 'उमेदवारास प्रश्न विचारला का' असा एक रकाना होता आणि तो भरायचा राहिला होता. मी चार म्हणालो काय, पाच म्हणालो काय, किंवा चौदा म्हणालो असतो तरी, ऑर्डर माझ्याच नावानं निघणार होती. हे कळल्यावर मी इतका संतापलो, की प्राचार्यांसमोर चहा न पिता उठलो. ते समजले मला पगारश्रेणी आवडली नाही.

मुलाखतीनंतर चार दिवसांनी बाई पेढे घेऊन आल्या होत्या. ऑर्डर तेव्हा हातात नव्हती, नुसती कुजबुज होती. त्या म्हणाल्या, "सर, मी उगाच तुमच्याशी वाद घातला त्या दिशी. त्या मोठ्या सरांनी इचारलं, तुमी चार म्हनलाव. एवढ्या मोठ्या मानसांपुढं तुमी खोटं कशाला बोलसाल?" आणि हसून म्हणाल्या, "माजंच डोकं गावातलं. सगळीकडं आपलं गावच दिसतंय मला."

पेढा माझ्या हातात होता. तो तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको. ऑर्डर येऊ दे, मग सांगू, असं मी पुन्हा ठरवलं.

आता मी पहिल्याच तासाला फळ्यावर पाच ओळी लिहितो. सगळ्यात खाली सुरुवात करतो आणि वर जातो. पोरं विचारतात, सर उलटं का? मी सांगतो. पण हे पुढच्या वर्षापासूनचं आहे. त्या वर्षी मी रुजू होऊन, रजिस्टरवर सही करून, बायकोच्या बदलीचे अर्ज देऊन कायमचा म्हणून वर्गात पोचलो तोवर माझ्याच तासांमध्ये सरंजामशाही संपली होती आणि धडा रेल्वे आणि कारखान्यांवर आला होता. एकदा मागं जाऊन सांगणं काही अवघड नव्हतं. मी गेलो नाही. रोज उद्या जायचो.

मग सत्राच्या शेवटची चाचणी झाली. पेपर विद्यापीठाच्या प्रश्नसंचातून आला, त्यात तोच प्रश्न होता, या वेळी दोन मार्कांना. बाईंचं अक्षर मी गठ्ठ्यातून लांबूनच ओळखलं. ठळक, ओळीवर बसवलेलं, अंगणवाडीच्या फळ्यावर काढतात तसं. त्यांनी लिहिलं होतं, 'जपानी सरंजामी समाजात चार वर्ग होते. सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी. तो बुद्धाचा देश असल्यामुळे तेथे पाचवा नव्हता.'

उत्तर उत्तरसूचीप्रमाणे बरोबर होतं. मी दोन्ही मार्क दिले.